जाणकाराला प्रश्न विचारण्याची शास्त्रोक्त पद्धत

नोव्हेंबर लागला, कापूस घरात यायला लागला, की मूर्तिजापुरातल्या पेन्शनरांना आपण जिवंत असल्याचं सरकारला कळवावं लागतं. हयातीचा दाखला कुठे द्यायचा, कसा द्यायचा, हे खिडकीवर विचारता येतं. पण थेट खिडकीवर जाणं हा नवशिक्यांचा मार्ग. मुरलेला माणूस आधी जाणकाराकडे जातो.

जाणकार स्वतः निवृत्त असतो. काखेत पिशवी, पिशवीत पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची, झेरॉक्स आणि त्या झेरॉक्सची झेरॉक्स. मुक्काम बँकेजवळच्या टपरीवर.

प्रश्न विचारण्याआधी तो कोणत्या खात्यातून निवृत्त झाला, याची चौकशी करावी. हे गाव रेल्वे जंक्शनचं. जाणकार रेल्वेचा असला तर केंद्राचे नियम सांगतो, झेडपीचा मास्तर असला तर राज्याचे, आणि दोघंही ते साऱ्या जगाला लागू करतात. केंद्राच्या ऐंशी वर्षांवरच्या पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासूनच दाखला देता येतो, एवढं कानावर पडलं की एसटीचा निवृत्त कंडक्टर उगाच घाबरतो. वास्तविक त्याची पेन्शन ईपीएस-९५ ची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीवाल्यांच्या योजनेतली. त्याचा दाखला वर्षात कधीही चालतो आणि दिल्यापासून वर्षभर टिकतो. जाणकाराला हे पक्कं ठाऊक असतं. सांगतो मात्र दुसऱ्या चहानंतर.

अंगठ्याचा विषय निघाला तर निवांत बसून घ्यावं. "आंगठा उठून नाई रायला, भाऊ," ही तक्रार जीवन प्रमाण, म्हणजे आधारवरून द्यायचा डिजिटल दाखला, २०१४ मध्ये सुरू झाला तेव्हापासूनची. ज्यांचा जन्म कष्टात गेला त्यांच्या अंगठ्यावर रेषाच उरत नाहीत, याला यंत्र तरी काय करणार? जाणकार आधी अंगठा धुवायला लावतो, मग कोरडा करायला, मग दुसरं बोट, मग देवाचं नाव. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होतं. समोरचा फोटो नसून माणूस आहे, याची खात्री करायला ॲप पापण्या मिटायला सांगतं. जाणकाराला ही पद्धत मान्य नाही. "डोये तं कोनीयी मिचकावते राजेहो, सही पायजे!"

आधार आणि पीपीओवरची नावं जुळत नसतील तर आधी ते निस्तरावं. यावर जाणकाराला बोलू देऊ नये, संध्याकाळ होते.

तहसीलमधल्या निराधार योजनांची चौकशी मात्र सकाळीच करावी, कारण त्या हिशेबानं जाणकाराचं डोकं तापतं. पासष्टच्या आत संजय गांधी, पुढे श्रावणबाळ. दोन्हींत महिना १,५०० रुपये, दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. त्यासाठी अपंगत्व किमान चाळीस टक्के हवं. इथवर ठीक. पण श्रावणबाळला कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत दाखवावं लागतं, म्हणजे दिवसाला साठ रुपयेसुद्धा नाहीत. एवढ्यात घर चालतं, असं कोणत्या विद्वानाला वाटलं? आणि जन्मभर ज्याच्या नावावर वर्गणी भरली गेली त्या ईपीएसवाल्याची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून हजारावरच. ज्याच्या नावावर भरलं त्याला हजार, ज्याच्या नावावर काहीच नाही त्याला दीड हजार. दीड हजारही कमीच आहेत म्हणा. पण हे गणित जाणकारालासुद्धा समजावता येत नाही, आणि न समजावता येणारं काहीही त्याला सहन होत नाही.

एक प्रश्न लोक विचारत नाहीत, तो मुद्दाम विचारावा. सरकारी पेन्शनरचं मूल दिव्यांग असेल आणि त्याला कमावणं शक्य नसेल, तर आईवडिलांच्या मागे त्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकतं. नोंद मात्र आईवडिलांनी हयातीतच करून घ्यावी. मागाहून कागद जमवताना भावंडांचे हाल होतात. हा विषय निघाला की जाणकार चहा अर्धा टाकून उठतो. अर्ज स्वतः लिहून देतो, जोडपत्रं दोनदा मोजतो, वर खिडकीपर्यंत सोबत येतो. रांगेत मध्येच घुसतो, पण तेवढं चालवून घ्यावं.

ईपीएसची पेन्शन कधी वाढणार, हे शेवटी विचारावं. बुलढाण्याहून चाललेल्या आंदोलनाची सगळी हकीकत ऐकवून जाणकार म्हणतो, "पुढच्या अधिवेशनात होते पाय." इथली बंद पडलेली शकुंतला रेल्वे पुन्हा कधी धावणार, असं विचारलं तरी त्याचं उत्तर हेच असतं.