डावा कालवा, उजवा कालवा

नाशिकच्या शहर बसमध्ये मला गेली तेवीस वर्षं जागा मिळत आली आहे. निमाणीच्या स्टँडला बस कितीही खच्चून भरलेली असो, मी दांडा धरून उभी राहिले की एखादी कॉलेजची मुलगी माझ्या पोटाकडे बघते, चटकन उठते आणि म्हणते, "बसा ना तुम्ही." पहिली काही वर्षं मी खुलासा करायचे. जुळी होती, ती आता शाळेत जातात, हे नुसतं पोट मागे राहिलंय. पुढे मुलं नोकरीला लागून पुण्याला गेली, पोट काही गेलं नाही. तेव्हा मी खुलासा सोडला आणि मुकाट्याने बसायला लागले. पन्नाशीला टेकलेल्या बाईला दिवस गेलेत असं कुणाला वाटावं, यात सुख मानायचं की दुःख, हे बस मेरीपर्यंत पोचली तरी ठरायचं नाही.

पोट सुटणं वेगळं आणि माझं वेगळं. जुळ्यांच्या वेळी पोटाचे दोन उभे स्नायू वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखे जे बाजूला झाले, ते परत आलेच नाहीत. मध्ये चार बोटांचा बांध. कंबर कायम दुखणार, उठताना पोटाला मधोमध उंचवटा येणार. सर्जन म्हणाले, व्यायामाने हे जवळ यायचे नाहीत, शिवावे लागतील. आणि शिवायचेच आहेत तर वरची लोंबती कातडीही काढून टाकू. याला टमी टक म्हणतात. वजन कमी करायचं हे ऑपरेशन नव्हे, हेही त्यांनी दोनदा बजावलं. बहुधा माझा चेहरा उजळलेला दिसला असावा.

घरी ठरलं, बाहेर सांगायचं 'हर्निया'. हर्निया हा सभ्य आजार आहे. पुरुषांनाही होतो. विमा कंपनीला मात्र खरं सांगितलं आणि खरं बोलल्याबद्दल एक छदामही मिळाला नाही.

खरं तर नाशिकच्या माणसाने अशा गोष्टीला लाजू नये. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक इथे कापलं आणि नासिकेवरून गावाला नाव पडलं, असं आपण पाहुण्यांना पंचवटी दाखवताना कौतुकाने सांगतो. कापण्याचं काम नाशकात झालं. बसवण्याचं श्रेय मात्र पुण्याकडे जातं, जसं ते नेहमीच जातं. टिपूच्या कैदेत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या बैलगाडीवानाला पुण्यात कपाळाची कातडी वळवून नवं नाक करून दिलं, आणि ऑक्टोबर १७९४च्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ती हकीकत लंडनकरांनी डोळे विस्फारून वाचली. करणारा माणूस वीटभट्टीवाल्यांच्या जातीतला होता, असं त्यात लिहिलं आहे. पुढे १८१४ साली कार्प्यू नावाच्या सर्जनने लंडनमध्ये तसंच नाक करून पाहिलं. कावसजीला कुणी नटवा म्हटल्याचं ऐकिवात नाही. नाक गेलेल्याला नाक मिळालं तर ती शस्त्रक्रिया, आणि पोट आलेल्या बाईचं पोट गेलं तर ती थेरं! असो.

शुद्धीवर आले तेव्हा पोटाच्या खालून दोन नळ्या बाहेर आलेल्या होत्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, टाका घालून कातडीला बांधलेल्या. प्रत्येकीच्या टोकाला प्लॅस्टिकची घडीघडीची बाटली, हुबेहूब पेटीच्या भात्यासारखी. सिस्टर म्हणाल्या, "हे ड्रेन." भाता दाबून बूच लावायचं, तो हळूहळू उघडताना आतलं पाणी ओढून घेतो. डॉक्टरांनी कारणही सांगितलं. कातडी आणि चरबीचा थर स्नायूंवरून सोडवून खाली ओढून शिवला की मध्ये पोकळी राहते. शरीराला पोकळी सहन होत नाही. ते तिथे पाणी भरतं. ते बाहेर काढलं नाही तर साचतं, त्याला सेरोमा म्हणायचं. चोवीस तासांत एका नळीतून तीस मिलीपेक्षा कमी पाणी आलं, तेही सलग दोन दिवस, की ती नळी निघणार.

हे सगळं मला सांगितलं जात होतं, पण ऐकत होते आमचे हे. आणि यांच्या डोळ्यांत मी एक जुनी चमक पाहिली.

आमचे हे मेरीत होते. बाहेरगावच्या माणसाला सांगावं लागतं की मेरी ही कुणी बाई नव्हे. १९५९ साली नाशकात सुरू झालेली ती महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था. धरणं कुठे पाझरतात, किती पाझरतात, कशी पाझरतात, यात यांचा जन्म गेला. गेल्या वर्षी निवृत्त झाल्यापासून मोजायला काही उरलं नव्हतं म्हणून गच्चीवरच्या टाकीत पट्टी बुडवून बसायचे. त्या माणसाच्या बायकोलाच आता दोन नळ्या फुटल्या होत्या.

घरी आलो त्याच संध्याकाळी शंभर पानी वही आली. पट्टीने आखलेले रकाने: दिनांक, वेळ, डावा कालवा, उजवा कालवा, एकूण, रंग, शेरा. शेवटच्या पानावर आलेख. आलेखात तीसच्या आकड्यावर लाल रेघ.

"ही मारुतीची कंबर," हे म्हणाले. "पाणी याच्या खाली आलं पाहिजे."

गोदावरीचा पूर नाशिककर क्युसेकमध्ये मोजत नाही, गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. गुडघ्याला पाणी म्हणजे बघायला जायचं, कमरेला म्हणजे मुलांचा हात धरून बघायला जायचं, गळ्याला आलं की सराफ बाजारातल्या दुकानदारांनी माल वर चढवायचा. माझ्या पोटाला इतका मान कधी मिळेल असं वाटलं नव्हतं.

सकाळी सहा, दुपारी दोन, रात्री दहा. हे साबणाने कोपरापर्यंत हात धुणार. नळीला चिमटा लावणार, बूच काढून भाता मापाच्या पेल्यात रिकामा करणार. मग पेला वॉशिंग मशीनवर ठेवून स्वतः गुडघ्यांवर बसणार, चष्मा कपाळावरून नाकावर घेणार आणि श्वास रोखणार. "नजर पाण्याच्या पातळीला पाहिजे. वरून बघितलं तर आकडा जास्त दिसतो." सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस माझ्यासाठी गुडघ्यांवर बसलेला मला आठवत नाही. तेव्हा मीही श्वास रोखायचे. "डावा पंचेचाळीस. उजवा अडतीस." मग पाणी संडासात, भाता दाबून चपटा, बूच घट्ट, वही. माझी तब्येत कशी आहे हे शेऱ्याच्या रकान्यात यायचं. पहिल्या दिवशीचा शेरा होता: 'कण्हणे चालू.'

रंगाचा रकाना मुलाने व्हिडिओ कॉलवर ताब्यात घेतला. पहिले दोन दिवस लालभडक, मग गुलाबी, मग गवती पिवळा. "आई, रेड, रोझे, व्हाइट! नाशिकचीच आहेस तू." निफाडला ज्यांच्या माहेरची द्राक्षं होतात त्या आमच्या सासूबाईंनी हा विनोद समजावून घेतला आणि पेला स्वयंपाकघराच्या आसपासही दिसता कामा नये, अशी ताकीद दिली.

तिसऱ्या दिवशी डावा कालवा अचानक बंद. आठ तासांत चार मिली. मी खूश झाले, हे गंभीर. "आवक कमी झालेली नाही, कालवा तुंबलाय." बघितलं तर नळीत तांबूस दोऱ्यासारखी गाठ अडकलेली. डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, नळीचं मिल्किंग करा. यांनी 'मिल्किंग' वहीत लिहून घेतलं आणि नळी पेन्सिलीसारखी धरून चोळत बसले.

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. वय ऐंशी, माहेरी दावणीला सहा म्हशी. "सर रे बाजूला," त्या म्हणाल्या. "धार अशी काढतात होय? म्हैस लाथ घालील." हात धुऊन आल्या. डाव्या हाताच्या चिमटीत त्यांनी नळी कातडीजवळ अशी धरली की आतल्या टाक्याला कळलंसुद्धा नाही. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट त्या चिमटीपासून खाली सरकवत नेलं, एका दाबात, अजिबात न थांबता, पार भात्यापर्यंत. वरचा हात तोवर सोडलाच नाही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा गाठ सुळ्ळकन भात्यात जाऊन पडली आणि मागून धार लागली. इंग्रजी शब्दाचा अर्थ घरात फक्त त्यांनाच कळला होता. त्या दिवसापासून मोजणी यांच्याकडे, धार आईंकडे. मी नुसतं धरण.

ताण बसू नये म्हणून पहिला आठवडा मला वाकून चालायचं होतं. आईही वाकूनच चालतात. पॅसेजमध्ये आम्ही दोघी एकाच कोनातून एकमेकींना वाट द्यायचो. रात्री पाठीमागे तीन उशा, गुडघ्यांखाली दोन. वर सहा आठवडे पोटाला पट्टा. पट्ट्याची किंमत ऐकून आई म्हणाल्या, "बाळंतपणात मी जुन्या पातळाने पोट बांधत होते, तेव्हा गुदमरतं म्हणून सोडून टाकायचीस. फुकट होतं ना!" माझ्याकडे उत्तर नव्हतं. दूर गेलेले स्नायू पातळाने सांधत नाहीत, हे खरं; पण पोट कापून घेतलेल्या बाईने सासूशी शरीरशास्त्रावर वाद घालू नये.

भाते लपवायला आईंनीच खणाच्या दोन थैल्या शिवल्या. गाऊनच्या आत, गळ्यात नाडीने अडकवलेल्या. शेजारच्या वहिनी हर्नियाला भेटायला आल्या तेव्हा मी शालीखाली बसले होते. शहाळं, केळी, कुणाकुणाचे हर्निये. सगळं सुरळीत चाललेलं असताना बूच ढिलं होतं की काय, डाव्या भात्याने हवा घेतली. फुस्स्स.

वहिनी थांबल्या. आई म्हणाल्या, "गॅस होतो तिला."

पुन्हा फुस्स्स. वहिनींची नजर शालीवर. तेवढ्यात दोन वाजले. हे आतून पेला आणि वही घेऊन आले, पाहुणे दिसले म्हणून थबकले, आणि शासकीय माणसाच्या सवयीने माहिती दिली, "सकाळचं डावा तेवीस, उजवा चौदा. धोक्याचं काही नाही."

वहिनींनी केळी टेबलावर ठेवली. "माझ्या नणदेलाही असाच दोन बाटल्यांचा हर्निया झाला होता," त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. "आता जीन्स घालते."

आठव्या दिवशी उजवा कालवा बंद झाला. डॉक्टर म्हणाले, दीर्घ श्वास घ्या, सोडा. आणि सोडताना पोटातून कुणीतरी लांबलचक शेवई ओढून घ्यावी तसं वाटलं. दुखलं नाही, पण अजून आठवलं की पायाची बोटं आवळली जातात. यांनी आत किती सेंटिमीटर होती ते विचारून घेतलं.

डावाही उतरत होता. अठ्ठावीस. आणखी एक दिवस असाच गेला की सुटले. दुसऱ्या दिवशी सत्तर!

"पाणलोटात काय झालं?" यांनी वहीतून मान वर न करता विचारलं. त्र्यंबकला पाऊस झाल्याशिवाय गंगापूर धरण वाढत नाही, हे नाशकात शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. मी म्हटलं, काही नाही. "पाणी खोटं बोलत नाही." मग कबूल केलं. गॅलरीत झड येत होती, गव्हाची कोठी भिजत होती, ओढून आत घेतली. पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही असं लिहून दिलेलं होतं; पण मी उचलली कुठे, ओढली! शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं गेलं: 'लाभधारकाचा अनधिकृत हस्तक्षेप.' त्यानंतर पाच दिवस मला पोळपाटही हलवू दिला नाही. तेराव्या दिवशी डावा निघाला.

वही मिटली. हे दोन दिवस सैरभैर फिरत होते. तिसऱ्या दिवशी आंघोळीच्या वेळी बेंबीखाली हात लागला आणि आत काहीतरी डुचमळलं. एका बाजूने टिचकी मारली की लाट पलीकडे जाऊन थडकायची. यांना दाखवलं. "मृत साठा!" हे इतक्या आनंदाने म्हणाले की मला रागही येईना.

डॉक्टरांनी सेरोमाच असल्याचं सांगितलं आणि मोठ्या सिरिंजने ऐंशी मिली काढलं. ऑपरेशननंतर तिथली कातडी बधिरच असते, त्यामुळे सुई मला बातमीसारखी दुरून कळली. आठवड्याने चाळीस, पुढच्या खेपेला पंधरा. एकदम सगळं का संपवत नाही, असं मी घरी चिडून म्हटलं, तर आमच्या वैद्य आत्येभावाने सुश्रुताचा दाखला दिला: जलोदरात बेंबीच्या खाली डाव्या बाजूला छेद घेऊन नळीने पाणी काढावं, पण एका दिवसात सगळं काढू नये. यांनी मान डोलावली. "बरोबर आहे. विसर्ग टप्प्याटप्प्यानेच वाढवतात." मातीच्या धरणाचंही सांगितलं: पाझर असायचाच, स्वच्छ येतो तोवर निश्चिंत राहायचं, गढूळ आला की धावायचं. डॉक्टरांनी ताप, घाण वास, गढूळ पू किंवा अचानक लालभडक धार आली तर फोन करा म्हणून सांगितलं होतं, ते यांना पहिल्या दिवशीच पाठ होतं. मला आता कळलं ते का.

सातव्या आठवड्यात गंगापूरमधून पाणी सोडलं. पट्टा सुटला होता, पण सवय झाली म्हणून मी बांधलेलाच होता. आम्ही दोघं पूर बघायला गेलो. मारुतीच्या कमरेला पाणी होतं, गर्दी मोबाइल उंच धरून उभी. हे होळकर पुलाच्या दिशेने बघत काहीतरी आकडेमोड करत होते. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाले, "सरळ उभी राहायला लागलीस की गं." हे त्यांना वहीशिवाय दिसलं होतं.

परतताना निमाणीला बस गच्च भरलेली. मी दांडा धरला, पोट आत घेतलं. घेण्यासारखं फारसं नव्हतंच. समोर कॉलेजची मुलगी बसली होती. तिने वर बघितलं. माझ्यावरून नजर पुढे गेली, यांच्या शर्टाच्या ताणलेल्या चौथ्या बटणावर थांबली, आणि ती चटकन उठली.

"काका, बसा ना तुम्ही."

हे बसले. आणि माझ्या हातात ओली छत्री दिली.