घाटातल्या थांब्यांचे भूशास्त्र

सायकलस्वार घाटात नेमका कुठे थांबतो, या प्रश्नाकडे विद्वानांनी आजवर अक्षम्य दुर्लक्ष केले आहे. सह्याद्रीवर कपाटे भरतील इतके ग्रंथ आहेत. पण वरंधा घाटाच्या एखाद्या वळणावर चांगला धडधाकट मनुष्य सायकलवरून उतरून हँडलवर कपाळ टेकवतो, तो तिथेच का, शंभर पावले अलीकडे का नाही, याचा छडा कोणी लावलेला नाही. ‘दम लागला म्हणून’ हे उत्तर शास्त्राला मान्य होण्यासारखे नाही. दम त्याला पायथ्याच्या बिरवाडीतच लागला होता. प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन असे की, थांब्याची जागा फुप्फुसे ठरवत नाहीत, लाव्हा ठरवतो.

आधी क्षेत्रमर्यादा. हे विवेचन फक्त शांत रस्त्यांना लागू आहे. हमरस्त्यावर माणूस भीतीने थांबतो. त्याचे शास्त्र वेगळे. शांत रस्ता ओळखण्याची सोय सरकारने किलोमीटरच्या दगडांवर करून ठेवली आहे. दगडाचे डोके पिवळे असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवे असेल तर राज्यमार्ग. नारिंगी डोके दिसले की तो गावाकडचा रस्ता, तिथे बिनधास्त शिरावे. गाड्या कमी असतात, डांबरही कमी असते. शांततेचे एकक मात्र एसटी हेच धरावे. एक एसटी गेल्यावर दुसरी येईपर्यंत स्वतःच्या साखळीची कुरकुर सलग ऐकू येत असेल, तर रस्ता शांत. भंडारदऱ्याच्या जलाशयाला वळसा घालून रतनवाडी, साम्रद, घाटघर असा जाणारा रस्ता या कसोटीला आडवारी पूर्ण उतरतो. पावसाच्या तोंडावर काजवे बघायला शहरातून गाड्यांची रीघ लागते, तेवढे दिवस सोडून. त्या गाड्यांच्या दिव्यांपुढे काजवेही दिसत नाहीत, पण तो विषय कीटकशास्त्राचा.

आता मूळ मुद्दा. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडल्या आणि लाव्हा वाहू लागला. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. आज या थरांनी व्यापलेला प्रदेश सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो, आणि सह्याद्रीच्या बाजूला त्यांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. सगळे थर सारखे नाहीत. काही घट्ट, काळे, अभेद्य. त्यांचे कडे झाले. काही वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र. ते लवकर झिजले आणि त्यांचे उतार झाले, पदर झाले. कडा, पदर, पुन्हा कडा. थोडक्यात, सायकलस्वाराला आडवा आलेला हा डोंगर नसून जिना आहे, आणि जिना चढताना माणूस कुठे थांबतो हे वाड्यात राहिलेल्या कोणालाही विचारावे.

फ्रान्समधल्या ओव्हेर्न्य प्रांतातल्या सायकलस्वारांचे तसे बरे आहे. तिथले ज्वालामुखी शाळेच्या चित्रातल्यासारखे शंकूच्या आकाराचे. पुय द डोम हा १४६५ मीटरचा डोंगर साधारण अकरा हजार वर्षांचा, म्हणजे आमच्या हिशेबी कालचा. १९६४ च्या टूर द फ्रान्समध्ये आंकतील आणि पुलिदोर याच चढावर खांद्याला खांदा घासत झुंजले होते. आता तिथे दात्यांची रेल्वे झाली आहे आणि एरवी सायकलला वर मज्जाव आहे. पण माथा कुठे आहे हे तिथल्या माणसाला निदान खालून दिसते. आमच्याकडे शंकूच नाही. भेगांतून आलेला लाव्हा आडवा पसरला, त्यामुळे ‘आता एकच वळण’ ही लोणकढी थाप आमच्या घाटात कितीही वेळा खपते.

चढाचे गणित मांडून ठेवतो, कारण गणिताशिवाय प्रबंधाला वजन येत नाही. पोलादपूर जवळजवळ समुद्रसपाटीला, महाबळेश्वर साधारण १३५० मीटरवर. मधला आंबेनळी घाट धरून अंतर सुमारे ४० किलोमीटर. सरासरी चढ तीन टक्क्यांच्या थोडा वर. बोरघाटात रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के, तेवढ्यासाठी आगगाडीला मागून ढकलायला जास्तीची इंजिने जोडतात. सायकलस्वाराला मागून कोणी ढकलत नाही, ढकलतात त्या फक्त गाडीच्या काचेतून आलेल्या ‘अरे, हो पुढे!’ अशा आरोळ्या. स्वार, सायकल आणि सामान मिळून ९० किलो धरले, तर १३०० मीटर चढायला सुमारे ११.५ लाख जूल लागतात. शरीराची कार्यक्षमता पाव धरली की हा खर्च सुमारे ११०० किलोकॅलरी, म्हणजे ढोबळमानाने चार वडापाव. सहा खाणाऱ्यांनी उरलेल्या दोनांचा हिशेब स्वतः द्यावा.

थांबणारा मनुष्य थांबल्याचे कबूल करत नाही, हे या शास्त्रातले मोठेच संकट. तो फोटो काढत असतो, नाहीतर साखळी ‘जरा बघत’ असतो. मोबाइलला रेंज नसलेल्या जागी फोनवर बोलत असतो. यात सर्वांत प्रतिष्ठित सबब म्हणजे जिज्ञासा. रस्ता खोदताना उघडी पडलेली दरड असते, तिच्या काळ्या पाषाणात पांढरे, गुलाबीसर ठिपके दिसतात. लाव्हा थिजताना त्यात अडकलेल्या बुडबुड्यांच्या या पोकळ्या. पुढे भूजलाने त्यांत झिओलाइट गटाची खनिजे भरली. जवळ जाऊन पाहिले तर एखाद्या पोकळीत बारीक पंखे उघडल्यासारखे स्फटिक असतात, नखाने टोकरले तर नखच तुटते. या खनिजांसाठी महाराष्ट्र जगभरच्या संग्राहकांत नावाजलेला आहे; पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हनसाइट तर परदेशी संग्रहालयांत मानाने बसला आहे. हे सगळे खरे. तरीही एक निरीक्षण नोंदवणे भाग आहे, की खनिजांविषयीची ही ओढ उतारावर कोणालाही लागल्याचे दिसत नाही.

आता टपरी. घाटातली चहाची टपरी ही वरवर मानवनिर्मित वाटते. वस्तुतः ती भूशास्त्रीय रचना आहे. दोन लाव्हाथरांच्या सांध्याशी, पुष्कळदा तांबड्या मातकट पट्ट्याच्या आसपास, पाणी झिरपते. सांध्याशीच मऊ थर झिजून चार पावले सपाटी मिळते. पाणी आणि सपाटी एकत्र आली की आधी देव येतो, मग त्याच्या आडोशाने टपरी. वरंधा घाटात वाघजाईचे देऊळ आहे, जवळ कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि समोर भज्यांच्या टपऱ्यांची रांग आहे. यापेक्षा स्वच्छ स्तरक्रम कुठल्या पाठ्यपुस्तकात दाखवावा?

टपरी दिसायच्या आधी कळते कशी? इथे न्यायशास्त्र उपयोगी पडते. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून डोंगरावर अग्नी आहे, हे अनुमानाचे उदाहरण आपल्याकडे शेकडो वर्षे घोकले गेले. सह्याद्रीचा अग्नी ६.६ कोटी वर्षांपूर्वीच विझला. तेव्हा धूर दिसलाच तर तो कढईखालचा, हे तर्काने सिद्ध आहे. मूळ उदाहरणात दाखला म्हणून स्वयंपाकघर देतात, की जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. आमच्या अनुमानात दाखला आणि साध्य एकच, ही बाब नैयायिकांना खटकेल. भुकेल्या माणसाला खटकत नाही. सावधगिरी एवढीच की फाल्गुनात डोंगरउतारावर गवत पेटते, आणि चढावरचा जुना ट्रक बारमाही धूर सोडतो. या दोन्ही हेत्वाभासांनी पुष्कळांना उपाशी ठेवले आहे.

एक आक्षेप येतो. काही टपऱ्या ‘पॉइंट’वर असतात, जिथे झरा नाही, सांधा नाही, नुसती दरी आहे. तिथल्या मावशींना पाण्याचे विचारले.

“कॅन आणतो की दुचाकीवर. खालच्या झऱ्यावरनं.” मग माझ्याकडे निरखून, “दमलासा व्हय दादा?”

“नाही मावशी, दगड बघत होतो.”

“मग बसा. समदी दगडच बघत्यात.”

कॅन झऱ्यावरच भरला जातो, म्हणजे सिद्धान्ताला बाधा नाही. टपरी थोडी वर सरकली आहे, इतकेच. थर सरकल्याची उदाहरणे भूशास्त्रात विपुल आहेत.

राहिला वादग्रस्त प्रश्न: सायकल हातात धरून ढकलत नेणे हा थांबा मानावा की नाही? कर्मठांच्या मते मानावा, कारण पेडल फिरत नाही. उदारमतवाद्यांच्या मते अंतर कापले जाते, ते पुरे. वादाचा निकाल वेळेच्या हिशेबात आहे. शेवटच्या दोन किलोमीटरच्या खड्या चढावर पेडल मारणारा ताशी सहा किलोमीटरने जातो, ढकलणारा चारने. पहिल्याला वीस मिनिटे लागतात, दुसऱ्याला तीस. पहिला टपरीवर पोचून भजी मागतो, तेव्हा ताटलीत आधीच्या घाण्यातली गार भजी येतात. तो ती मुकाट्याने खातो. एवढ्यात मावशी कांदा चिरतात, पीठ कालवतात, तेल तापवतात, आणि नवा घाणा कढईतून निघतो तेव्हा दुसरा सायकल कठड्याला टेकवत असतो.