सहा ओळींपुरतं फायनल

जावा लिहिणाऱ्यांत दोन पंथ आहेत. एक मेथडमधल्या झाडून सगळ्या लोकल व्हेरिएबलांपुढे ‘फायनल’ लिहितो, पॅरामीटरही सोडत नाही. दुसऱ्याला तो शब्द दिसला की कपाळाला आठ्या पडतात. कँटीनमध्ये दोघे एका ताटातली भजी खातात. कोड रिव्ह्यूत मात्र कडक सोवळं.

पहिल्या पंथातल्या काही भाविकांना वाटतं, फायनलने प्रोग्राम पळतो. लोकल व्हेरिएबलापुरतं बोलायचं तर स्थिर आकडा कंपायलर जागच्या जागी भरून टाकतो, एवढंच. एरवी बाइटकोडमध्ये या शब्दाचा मागमूसही उरत नाही. मशीनला त्याचं सोयरसुतक नाही. तो आपल्यामागून कोड वाचणाऱ्या बिचाऱ्यासाठी असतो.

पूर्वी मात्र सक्ती होती. १९९७ साली जावा १.१ मध्ये इनर क्लास आले. मेथड आटोपली तरी अशा क्लासचा ऑब्जेक्ट मागे उरू शकतो, म्हणून त्याला व्हेरिएबलच्या किमतीची नक्कल दिली जाते. मूळ बदललं आणि नक्कल तशीच राहिली तर घोळ, म्हणून फायनलची अट. २०१४ मध्ये जावा ८ ने ती सैल केली: किंमत पुन्हा बदललीच नाही, तर न लिहिताही कंपायलर ते फायनल धरून चालतो. इतका समजूतदारपणा रिव्ह्यू करणाऱ्यांत क्वचितच आढळतो.

आणि फायनल लिस्ट! तिच्यात नवीन नोंदी खुशाल घालता येतात, काढता येतात; फक्त त्या नावाला दुसरी लिस्ट जोडता येत नाही. लाडवांच्या डब्यावर नाव घातलं म्हणून आतले लाडू शाबूत राहत नाहीत.

मग लिहायचं कुठे? इफ-एल्सच्या फाट्यांवर किंमत ठरत असेल तिथे मी जरूर लिहितो. एखादा फाटा रिकामा राहिला तर कंपायलर तसाही ओरडतो. फायनल असेल तर चुकून दोनदा भरल्यावरही ओरडतो. दुसरी जागा म्हणजे वारशाने आलेली दोनशे ओळींची मेथड. तिथे शंभराव्या ओळीवर ‘टोटल’ अजून तीच आहे का, हे शोधत वर जावं लागत नाही. अर्थात खरा इलाज ती मेथड तोडण्याचा, पण त्याला वेळ कोण देतो?

तेव्हा फायनल नाही म्हणून कुणाचा कोड परत पाठवण्याआधी मेथडच्या ओळी मोजा. सहाच असतील तर मंजूर करून टाका.