सदर नायिका

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी गेल्या पावसाळ्यात शृंगारकथा लिहायला घेतली, तेव्हा कोऱ्या पानावर सगळ्यात आधी ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ लिहिलं. ‘विषय : नायिकेचे ओले केस. संदर्भ : दि. १२ रोजीची रात्र.’ खाली मजकूर होता : ‘उपरोक्त रात्री अंदाजे साडेदहाच्या सुमारास सदर नायिका ओल्या केसांनी बाल्कनीत उभी असल्याचे नायकाच्या निदर्शनास आले. त्या अनुषंगाने नायक बाल्कनीत गेला.’

‘‘कसं वाटतंय, लेखक?’’ त्यांनी विचारलं.

‘‘पुढे काय होतं?’’

‘‘पुढची कार्यवाही अजून व्हायचीय.’’

नेरूळच्या आमच्या बत्तीस बिऱ्हाडांच्या इमारतीत मला ‘लेखक’ म्हणतात, कारण वर्षाला दोन दिवाळी अंकांत माझे विनोदी लेख छापून येतात. त्यामुळे अक्षरांशी संबंधित कुठलीही अडचण माझ्या दारात येते. मुंजीच्या पत्रिकेतला ऱ्हस्व-दीर्घ असो की वॉचमनचा रजेचा अर्ज. सेक्रेटरी आले तेव्हा मला वाटलं, पुन्हा पार्किंगची नोटीस असणार. त्यांच्या हातात सोसायटीचं व्हिजिटर्स रजिस्टर होतं, पण उलटं धरलेलं. मागच्या पानांवर कथा होती.

माणूस अगदी सरळ. शर्टाच्या खिशाला एक निळं आणि एक लाल पेन, मनगटाला रबरबँड, बोलण्याआधी घसा साफ करण्याची सवय. उभी हयात पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या गटारांच्या खात्यात गेली. अठ्ठावन्नाव्या वर्षी सेवानिवृत्त झाले. आपल्याकडे सेवानिवृत्त माणसाला पहिल्या सहा महिन्यांत पेटी शिकावी लागते, दुसऱ्या सहा महिन्यांत नर्मदा परिक्रमेची माहिती गोळा करावी लागते, आणि मग सोसायटीचं सेक्रेटरीपद आपोआप अंगावर येतं. सेक्रेटरींनी हे टप्पे नियमाप्रमाणे पार पाडले. मग एका रात्री त्यांना वाटलं, की आपण आयुष्यात एकही वाक्य असं लिहिलं नाही, जे वाचून कुणाच्या अंगावर शहारा येईल. ‘‘एक लिहिलं होतं,’’ ते म्हणाले, ‘‘पण ती वसुलीची अंतिम नोटीस होती.’’

छंद सुरू करण्याआधी त्यांनी कायदा वाचला. इतर लोक आधी लिहितात आणि मग घाबरतात, यांनी क्रम उलटा ठेवला. अश्लील मजकुरासाठी भारतीय दंड संहितेचं कलम २९२ होतं, ते १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेत २९४ झालं, हे त्यांनी मला जिन्यात थांबवून सांगितलं. पूर्वीच्या केसेसही त्यांना पाठ. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. अंकाच्या मुखपृष्ठावर नग्न स्त्रीचं चित्र असायचं, आत संततिनियमन आणि वाचकांच्या शंकांना थेट उत्तरं. खटले झाले, आणि १९३४ सालच्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात आली, तिचं प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६९ साली काकोडकर निर्दोष सुटले.

‘‘म्हणजे सात वर्षं लागली,’’ सेक्रेटरी म्हणाले. ‘‘माझी सात वर्षांची तयारी आहे. पण कर्व्यांना आंबेडकर मिळाले, मला तुम्ही आहात.’’

कायद्याचा असा परिणाम झाला, की त्यांच्या कथेत गुन्हा घडण्याची शक्यताच उरली नाही. नायिकेचं वय ‘३४ (पूर्ण)’. नायक तिचा नवरा. ‘‘परस्त्री कशाला? उगीच तक्रार अर्ज येतात.’’ विवाह नोंदणीकृत. जवळ येण्याआधी नायक परवानगी मागतो आणि नायिका देते, त्यापुढे कंसात ‘(तोंडी)’ असं लिहिलेलं. हा कंस मला आवडला. आजच्या कितीतरी धीट लेखकांना जे सुचत नाही, ते या गटाराच्या अभियंत्याला नियमपुस्तिकेतून सुचलं होतं.

अडचण आली ती शब्दांची. संध्याकाळी आम्ही पाम बीच रोडच्या कडेच्या तळ्याला फेऱ्या मारतो. पाटीवर ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’ आहे, आम्ही ‘तळं’ म्हणतो. तिथे मागेपुढे कुणी नाही असं पाहून सेक्रेटरींनी हळू आवाजात विचारलं, ‘‘छातीला काय लिहायचं हो?’’

मी म्हटलं, ‘‘वक्षस्थळ.’’

त्यांनी चार पावलं विचार केला. ‘‘पर्यटनस्थळ वाटतं. तिकीट कुठं काढायचं, असं वाटतं.’’

‘‘उरोज?’’

‘‘सरोजची बहीण.’’

‘‘नितंब?’’

‘‘एम. ए.च्या पेपरात विचारतील. दहा मार्कांना.’’

‘चुंबन घेतले’ लिहिलं की पावती द्यावी लागेल असं त्यांना वाटे. ‘शृंगार’ म्हटलं की डोळ्यांपुढे बांगड्यांचं दुकान येई. आणि ‘प्रणय’ हा शब्द लिहिणं अशक्यच, कारण त्या नावाचा मुलगा आमच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो आणि जिन्यात सायकल लावतो. सेक्रेटरींचं म्हणणं मात्र खोटं नव्हतं. आपल्याकडे या अवयवांना एक शब्द डॉक्टरांपुढे सांगायचा आणि एक शब्द रिक्षावाल्याशी भांडताना वापरायचा. नवराबायकोने अंधारात वापरायचा, घरात धुऊन मऊ झालेला शब्द कुठे छापलेलाच नाही. तो ज्याच्या त्याच्या घरी आहे, आणि घरचं माणूस तो बाहेर सांगत नाही.

दुसरी अडचण जागेची. नायक-नायिकेचं घर त्यांनी आपल्याच घरासारखं वन बीएचके घेतलं. मग हॉलमध्ये नायकाची आई आली. आईला रात्री झोप लागत नाही. नायकाच्या मुलाची दहावी. तो संध्याकाळी सहा ते आठ क्लासला जातो, तेवढ्या वेळात आईला देवळात पाठवलं. आता घर रिकामं. नायक नायिकेच्या जवळ आला, तिने डोळे मिटले, आणि सहा वाजून दहा मिनिटांनी पाणी आलं.

‘‘पाणी का आणलंत?’’ मी कळवळून विचारलं.

‘‘मी कुठं आणलं? सहा-दहालाच येतं.’’

यानंतर दोन पानं पिंप भरण्याची होती. मी म्हटलं, त्यांना लोणावळ्याला न्या. नेलं. हॉटेलच्या काउंटरवर दोघांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स मागितल्या, नायिकेचं कार्ड माहेरच्या नावावर होतं, आणि कथा तिथेच संपली. कथेचं शीर्षक होतं ‘ओळख’.

मला लहानपणीचा ‘आवाज’ आठवला. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेला हा दिवाळी अंक घरोघरी वडीलधाऱ्यांच्या उशीखाली असे, तो त्यातल्या खिडक्यांसाठी. पानाला कापलेली झडप. वरून पाहिलं तर बाई-पुरुषाचा काहीतरी भलताच मामला दिसतो. झडप उचलली, की आत डॉक्टर रुग्ण तपासतोय नाही तर शिंपी माप घेतोय. चावट वाचकाला त्याच्याच डोक्यातला चावटपणा परत करणारी ती युक्ती होती. सेक्रेटरींच्या कथा तशाच होत्या. फरक एवढाच, की त्यांना वरचं चित्र काढता येत नव्हतं. ते थेट झडप उचलून आतला नळ दाखवत.

आधार कार्ड नको म्हणून त्यांनी मग सातवाहन काळ गाठला. त्यासाठी मी त्यांना स. आ. जोगळेकरांची ‘गाथासप्तशती’ वाचायला दिली. हाल राजाने एक कोटी गाथांमधून सातशे निवडल्या, असं खुद्द ग्रंथातच म्हटलं आहे. महाराष्ट्री प्राकृतातल्या. त्यांत राजवाडे कमी आणि शेतं, पाणवठे, गावची घरं जास्त. बायकाच बोलतात, मैत्रिणीला सांगतात, आत्याबाईला ऐकवतात, वाटसरूला आडून सुचवतात. सेक्रेटरींनी आठ दिवसांत पुस्तक परत आणलं, जागोजागी लाल पेनाने टिंबं करून.

‘‘लेखक,’’ ते गंभीरपणे म्हणाले, ‘‘यांच्याकडेही जागा नव्हती.’’

मी पाहतच राहिलो.

‘‘सासू जागी, दीर घरात, नवरा परगावी. एकालाही स्वतंत्र खोली नाही. तरी सगळं आहे. उघड काहीच लिहिलेलं नाही, तरी सगळं आहे.’’

त्या संध्याकाळी तळ्यापाशी ते गप्प होते. भरती चढत होती. एकदम थांबून त्यांनी हात केला. ‘‘हे तळं नाही, धारण तलाव आहे. नवी मुंबईची बरीच जमीन भरतीच्या पातळीच्या खाली. डच लोकांची पद्धत. खाडीच्या तोंडाशी झडपा असतात. भरती आली की खाडीचं पाणीच झडप लोटतं, ती मिटते. आतलं पाणी बाहेर जायला बघतं, पण थांबतं. पाऊस पडत असतो, वरून भरत असतं, तरी थांबतं. तासन्‌तास. मग ओहोटी लागते, बाहेरचा जोर हळूहळू ओसरतो, आणि एका क्षणी झडप आपली आपण...’’ त्यांनी तळहात अलगद उघडला. ‘‘कुणी हात लावावा लागत नाही.’’

माझ्या अंगावर शहारा आला. मी म्हटलं, ‘‘सेक्रेटरीसाहेब, हेच लिहा.’’

‘‘हे? हे तर ड्रेनेज आहे.’’

आणि घरी जाऊन त्यांनी लिहिलं : ‘तदनंतर सदर नायिकेने सदर नायकास प्रतिसाद दिला.’

हा सगळा गुप्त व्यवहार वहिनींपासून लपवलेला आहे, अशी त्यांची समजूत होती. एकदा मी त्यांच्याकडे गेलो, तर सेक्रेटरी पंप बघायला खाली गेलेले. वहिनी चहा गाळता गाळता म्हणाल्या, ‘‘ह्यांचं ते अश्लील कसं चाललंय?’’

माझ्या हातातली खारी चहात पडली.

‘‘त्यांना म्हणावं, मोगरा काढा त्यातून. मोगऱ्याने ह्यांना शिंका येतात. लग्नात हार काढून बसले होते.’’ मग फोन माझ्यापुढे धरला. दिवाळी अंकाला पाठवायची म्हणून सेक्रेटरींनी कथा फोनवर टाइप केली होती, आणि फोनने आपल्या समजुतीप्रमाणे शब्द सुचवले होते. ‘ओठांवरून’च्या जागी ‘ओट्यावरून’ झालं होतं : ‘त्याने तिच्या ओट्यावरून हळुवार हात फिरवला. ती काहीच बोलली नाही. तिचे डोळे भरून आले.’

‘‘एवढं वाक्य बदलू देऊ नका,’’ वहिनी म्हणाल्या. ‘‘बत्तीस वर्षं झाली. नवऱ्याने आपण होऊन ओटा पुसला, तर कुठल्याही बाईचे डोळे भरून येतील.’’

कथा त्या अंकाकडून साभार परत आली. संपादकांनी लिहिलं होतं, ‘आपला कौटुंबिक विनोदी लेख मिळाला. जागेअभावी...’ सेक्रेटरींना परत आल्याचं वाईट वाटलं नाही, ‘कौटुंबिक’चं वाटलं. रजिस्टर पुन्हा सुलटं झालं आणि पुढच्या पानांवर पाहुण्यांच्या सह्या सुरू झाल्या.

या जूनमध्ये गच्चीची गळती सुरू झाली. वार्षिक सभेची नोटीस लिफ्टशेजारी लागली, खाली नेहमीची सही. वर मात्र ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ नव्हते. मजकूर होता : ‘पाणी घाईत नसते. ते आधी गच्चीवर नुसते साचते. दिवसभर काही दिसत नाही. रात्री सगळे निजले की जिथे प्लास्टर सैल झाले आहे ती जागा ते शोधते, तिथेच थांबते, आणि थेंबाथेंबाने आत उतरते. पहाटे चौथ्या मजल्यावरच्या शयनगृहाची भिंत हाताला गार आणि ओली लागते. आता याहून अधिक थांबणे शक्य नाही. सर्व सभासदांनी रविवारी सकाळी दहा वाजता उपस्थित राहावे.’

लोक लिफ्ट सोडून उभ्याउभ्या वाचत होते. चौथ्या मजल्यावरच्या मॅडमनी दोनदा वाचली आणि पदर सारखा केला. वहिनी भाजीची पिशवी घेऊन आल्या, शेवटपर्यंत वाचलं, आणि ‘‘इश्श! गळतीच ना ती!’’ म्हणत जिन्याने वर गेल्या. लिफ्ट खाली असताना.

उपविधीप्रमाणे आमची गणपूर्ती वीस. दरवर्षी सात-आठ डोकी जमतात, सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने तेवढ्यांतच उरकते. या वर्षी तेवीस सभासद हजर होते. सभा दहाला सुरू झाली, आणि वॉटरप्रूफिंगचा ठराव एकमताने मंजूर झाला.