निविदा सूचना अशी द्यावी की कोणाला दिसू नये

अर्धापुरात केळीचा भाव सकाळी फुटला की दुपारपर्यंत पंचक्रोशीत पसरतो. सरकारी कामाची निविदा मात्र निघून, उघडून, कामाचा नारळ फुटेपर्यंत बसस्टँडवरच्या पानटपरीलाही पत्ता लागत नाही. हे आपोआप होत नाही, त्याला अंगी कसब लागतं. तालुक्यातल्या एखाद्या (संपूर्ण काल्पनिक) कार्यालयात नव्याने रुजू झालेल्या साहेबांसाठी ते इथे क्रमवार दिलं आहे.

1. आधी रक्कम बघा. ई-निविदेची मर्यादा पूर्वी 3 लाख होती, पुढे ती 10 लाखांवर गेली. रस्ता 14 लाखांचा असेल तर 'मारुती मंदिर ते हातपंप' आणि 'हातपंप ते अंगणवाडी' अशी दोन कामं काढा. कामाचे तुकडे पाडायला मनाई आहे. पण रस्ता अखंडच राहतो, तुकडे फक्त अंदाजपत्रकाचे पडतात.

2. पेपर नीट निवडा. जाहिरात सरकारमान्य यादीवरच्या दैनिकातच द्यायची असते. ज्याचा अंक संपादकाच्या घरी आणि आपल्या फाइलीत एवढाच पोचतो, ते दैनिक उत्तम. जागा 'नावात बदल'च्या खाली. मजकूर एकच ओळ: सविस्तर तपशील संकेतस्थळावर.

3. संकेतस्थळावर गावाच्या स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर जास्तीचं घाला. शोधणारा रिकाम्या हाताने परततो आणि सूचना तर जगजाहीर असते.

4. मुहूर्त पोळ्याच्या आदल्या संध्याकाळचा किंवा माळेगाव यात्रेचा. निविदा अल्पमुदतीची काढा, कारण 'काम तातडीचे'. आठ वर्षं खड्ड्यात पडलेला रस्ता एका आठवड्यात तातडीचा होतो.

5. आधी ठेकेदार, मग अटी. डांबर प्लांट कामापासून किती किलोमीटरच्या आत हवा, हे त्यालाच फोन करून विचारा. मात्र जाहिरातीत एक अट आणि काम देताना दुसरी, असं करू नका. मुंबई विमानतळावरच्या उपाहारगृहाच्या निविदेत तसंच झालं होतं. रमणा शेट्टी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1979 मध्ये बजावलं, की सरकारने स्वतः जाहीर केलेली अट सरकारलाही बंधनकारक असते. ती सैल होणार हे ठाऊक असतं तर इतरांनीही निविदा भरल्या असत्या. तरी धीर सोडू नका: तत्त्व जिंकलं, दाद मागणारा हरला आणि ठेका होता तिथेच राहिला.

6. पहिल्या वेळी किमान तीन निविदा लागतात. तिन्ही एकाच टेबलावर भरल्या तरी चालेल. अंदाजपत्रकापेक्षा एक जराशी 'बिलो', दोन 'अबव्ह'. फक्त शुद्धलेखनाच्या चुका तिन्हींत वेगवेगळ्या ठेवा.

7. जाहिरातीचं कात्रण फाइलीला लावा. सगळा खटाटोप त्याच्यासाठीच होता. कायद्याला स्पर्धा हवी असते, फाइलला कात्रण पुरतं. ऑडिट आलं की तेच पान उघडून चहा मागवा.

8. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज आला तर गडबडू नका. अर्जदार बहुतेक वेळा जाहिरातीची प्रत मागतो, ती बिनधास्त द्या. पण 'तिन्ही निविदांची बयाणा रक्कम कोणकोणत्या खात्यातून भरली?' असं विचारणारा एखादा निघालाच, तर बदलीचा अर्ज तयार ठेवा.