दुकानासंग आलेलं पोट्टं

नांदगाव खंडेश्वरात अमरावती-यवतमाळ रस्त्याच्या कडेला सायकल दुरुस्तीचं एक दुकान आहे. टिनाचं छप्पर, पाण्याने काळं पडलेलं घमेलं, दाराला टांगलेल्या ट्यूबांच्या माळा आणि वर एक पाटी. पाटीवर ज्याचं नाव आहे तो मालक कधीचाच वारला. दुकान चालवणारे मिस्त्री वेगळेच आहेत. गिऱ्हाईक मात्र त्यांना पाटीवरच्या नावानेच हाक मारतं आणि तेही ओ देतात. तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला. त्यावर सायकल न्यायला बंदी आहे. त्यामुळे समृद्धी आल्याने मिस्त्रींचं गिऱ्हाईक वाढलंही नाही आणि तुटलंही नाही.

एका सकाळी निवृत्त गुरुजी चाकात हवा भरायला आले ते हातात पेपर घेऊनच. कुठल्याशा कंपनीने कुठलीशी कंपनी विकत घेतल्याची बातमी होती आणि खाली नव्या मालकांचं निवेदन: कर्मचारी हीच आमची खरी संपत्ती.

"संपत्ती मनजे जे इकता येते तेच ना, सर?" मिस्त्रींनी विचारलं.

गुरुजींनी चष्मा पुसला. शाळेत असा प्रश्न आला की ते 'हा भाग परीक्षेला नाही' म्हणत. इथे ती सोय नव्हती. म्हणून त्यांनी विगलची गोष्ट सांगायला घेतली, कारण तीही अशाच एका सायकलच्या दुकानातून सुरू होते.

इंग्लंडच्या पोर्ट्समथ शहरात बटलर्स सायकल्स नावाचं साधं दुकान होतं. 1999 मध्ये मिच डॉल आणि हार्वी जोन्स या दोघांनी त्यातून विगल ही ऑनलाइन विक्री सुरू केली. टायर, चेन, पेडल, घट्ट चड्ड्या, सगळं घरपोच. पार्सलमध्ये हरिबोच्या चघळायच्या गोळ्यांची एक छोटी पुडी असे. किराणा घेतला की शेठ पोराच्या हातावर गुळाचा खडा ठेवतो, तसलाच हा प्रकार. तिकडे उत्तर आयर्लंडमधल्या बॅलिन्यूर गावात जॉर्ज आणि जॅनिस वॉटसन या नवरा-बायकोने 1980च्या दशकात असंच एक छोटं दुकान टाकलं होतं. त्याची पुढे चेन रिअॅक्शन सायकल्स झाली. सुटे भाग जगभर जाऊ लागले. भारतातले हौशी सायकलपटूसुद्धा सीमाशुल्क भरून तिथून माल मागवत आणि पार्सल आलं की घरच्यांपासून किंमत लपवत.

दोन्ही दुकानांचे मालक तोवर असे होते की त्यांना पंक्चर म्हणजे काय ते ठाऊक होतं. इथून पुढे ती माहिती पिढी दर पिढी कमी होत गेली.

डिसेंबर 2011 मध्ये ब्रिजपॉइंट या गुंतवणूक कंपनीने विगल 18 कोटी पौंडांना घेतली. अशा कंपन्या धंदा संसार थाटायला घेत नाहीत. बैलबाजारातला दलाल बैल घेतो, शिंगं रंगवतो, झूल घालतो आणि पुढच्या बाजारात उभा करतो, तसा हा व्यवहार. 2016 मध्ये विगल आणि चेन रिअॅक्शन यांचं लग्न लागलं. दोन घरं एक झाली की एक चूल विझते. उत्तर आयर्लंडमधलं गोदाम बंद झालं आणि माल इंग्लंडमधल्या वुल्व्हरहॅम्प्टनच्या गोदामातून जाऊ लागला. ज्या गावकुसात कंपनी जन्मली, तिथल्या गोदामातल्या लोकांचं काम समुद्र ओलांडून गेलं.

मग करोना आला. जिम बंद, बस बंद. युरोपातला जो तो माळ्यावरची सायकल काढून पुसायला लागला. सायकलच्या दुकानांपुढे रांगा लागल्या आणि रांगा बघून पैसेवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. जून 2021 मध्ये बर्लिनच्या सिग्ना स्पोर्ट्स युनायटेडने विगल-चेन रिअॅक्शन घेत असल्याचं जाहीर केलं. त्याच दमात अमेरिकेतल्या युकैपा नावाच्या एका कोऱ्या कंपनीत विलीन होऊन ती डिसेंबर 2021 मध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात उतरली. कोरी कंपनी म्हणजे आधी लोकांकडून पैसे गोळा करायचे आणि मग कोणता धंदा घ्यायचा ते शोधायचं. नांदगावात याला भिशी म्हणतात. फरक इतकाच की भिशीत पैसे कोणाच्या घरी आहेत हे सगळ्या बायांना माहीत असतं.

या सिग्ना स्पोर्ट्सचा मोठा भागधारक होता ऑस्ट्रियाचा सिग्ना समूह. तो उभारणारे रेने बेन्को हे इमारतींचे व्यापारी. न्यूयॉर्कच्या क्रायस्लर बिल्डिंगमध्ये वाटा, बर्लिनचं काडेवे, लंडनचं सेल्फ्रिजेस अशी त्यांची खरेदी. व्याज स्वस्त होतं तोवर सगळं गोड होतं. मग व्याजदर चढले आणि इमारतींचं गणित फिसकटलं. इकडे साथ ओसरली तशी लोकांनी सायकली पुन्हा माळ्यावर टाकल्या. तेजीच्या भरात मागवलेल्या मालाने गोदामं फुगली होती. तो काढायला सवलती द्याव्या लागल्या आणि सवलतीत नफा वाहून गेला. ऑक्टोबर 2023 मध्ये सिग्ना समूहाने आपल्या या क्रीडा कंपनीला कबूल केलेले 15 कोटी युरो द्यायला नकार दिला. त्याच महिन्यात विगल-चेन रिअॅक्शन दिवाळखोरीच्या प्रशासकांच्या ताब्यात गेली. नोव्हेंबर संपायच्या आत खुद्द सिग्ना होल्डिंगनेच व्हिएन्नात हात वर केले. गोदामात चेनचे डबे बांधणाऱ्या पोराची नोकरी व्हिएन्नातल्या व्याजावर टांगलेली आहे, हे त्याला डब्यावर लिहून दिलेलं नव्हतं.

"मंग घेतलं कोनं?" मिस्त्रींनी विचारलं.

घेतलं माइक अॅशली यांच्या फ्रेझर्स ग्रुपने, 2024च्या सुरुवातीला. यांनीच 2018 मध्ये इव्हान्स सायकल्स ही दुकानांची साखळी घेतली होती आणि घेता घेता सांगून टाकलं होतं की साठेक दुकानांपैकी निम्मी बहुधा ठेवता येणार नाहीत. विगलच्या वेळी त्यांनी एवढीही तसदी घेतली नाही. त्यांनी घेतली फक्त नावं, खुणा आणि बौद्धिक संपदा. शेकडो माणसांच्या नोकऱ्या गेल्या. त्याच वर्षी विगलचं संकेतस्थळ पुन्हा झळकलं. नाव तेच, तोंडवळा तोच, आत माणसं वेगळी.

हे सगळं नांदगावच्या दुकानात घडलं तर कसं दिसेल याचा अंदाज बांधता येतो. पहिल्या महिन्यात नवे मालक सगळ्यांना, म्हणजे मिस्त्रींना आणि हाताखालच्या पोराला, समोर बसवून सांगतील की आपण आता एक कुटुंब आहोत. हे वाक्य ऐकताच जाणता माणूस भविष्यनिर्वाह निधीचा पासवर्ड शोधायला लागतो. दुसऱ्या महिन्यात पुण्याहून एक सल्लागार येऊन घमेल्यातलं पाणी मोजेल आणि अहवाल देईल की पाण्याचा विक्रीत प्रत्यक्ष वाटा शून्य आहे. तिसऱ्या महिन्यात पंप अकोल्याच्या मध्यवर्ती हवा केंद्रात हलवला जाईल. ज्याला हवा भरायची त्याने चाक काढून कुरिअरने पाठवावं, पाच ते सात दिवसांत भरून मिळेल. चौथ्या महिन्यात पोराला सांगतील की तू वाईट नाहीस, तुझं पद उरलेलं नाही. एक नवं पद मात्र निघालं आहे, चाक-समाधान सहायक. त्यासाठी तू अर्ज करू शकतोस. पगार थोडा कमी आहे, पण शिकायला भरपूर मिळेल.

पाचव्या महिन्यात सल्लागाराचं बिल येईल आणि दुकान तोट्यात असल्याचं निष्पन्न होईल.

वऱ्हाडाला यात नवं वाटण्यासारखं फार नाही. मालक सातासमुद्रापार असण्याची सवय या मुलखाला शकुंतला या रेल्वेने लावली. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर अशी सुमारे 190 किलोमीटरची ही नॅरोगेज किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीने कापूस वाहायला घातली आणि देश स्वतंत्र झाल्यावरही तिचे रूळ सरकारच्या मालकीचे झाले नव्हते. मालक बदलला की सगळं सुरळीत होतं, या समजुतीची परीक्षा अचलपुरात झाली. तिथल्या फिनले मिलचा मालक म्हणजे खुद्द सरकारचं राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळ. 2020च्या टाळेबंदीत भोंगा थांबला. देश पुन्हा सुरू झाला तरी गिरणी सुरू झाली नाही आणि कामगार मोर्चे काढत राहिले.

सायकलवाल्यांच्या नशिबात तर विनोदही लिहिलेला असतो. साहिबाबादच्या अॅटलस कारखान्यात ले-ऑफची नोटीस लागली ती 3 जून 2020 रोजी. तो जागतिक सायकल दिन होता. चारशेहून अधिक कामगार बाहेर राहिले. नोटिशीत लिहिलं होतं की काम नाही, पण फाटकावर येऊन हजेरी मात्र लावत जा. कारखान्याकडे द्यायला काही उरलं नव्हतं, फक्त सहीचं रजिस्टर उरलं होतं.

लोकांना काढायलाच हवं असंही नाही. मुंबईच्या व्हाइटहॅट ज्युनिअरचं उदाहरण घ्या. पोरांना ऑनलाइन कोडिंग शिकवणारी ही कंपनी बायजूजने ऑगस्ट 2020 मध्ये 30 कोटी डॉलरला घेतली. दीड-दोन वर्षांनी, मार्च 2022 मध्ये, घरून काम करणाऱ्यांना निरोप गेला की महिनाभरात कार्यालयात हजर व्हा. कुणाचे आईवडील आजारी, कुणाची पोरं शाळेत, कुणाचा पगार महानगराच्या घरभाड्याला न पुरणारा. मे महिन्यात बातमी आली की आठशेहून अधिक जणांनी राजीनामे दिले. राजीनामा दिला की ती कपात नसते आणि कपात नसली की भरपाई नसते. घमेलं तिथेच, पाणी आपोआप आटलं.

कायदे झोपलेले आहेत असं म्हणता येत नाही. आपल्याकडच्या 1947च्या औद्योगिक विवाद कायद्यात 25 एफएफ नावाचं कलम होतं. मालक बदलला तर कामगाराला नोटीस आणि भरपाई द्या, किंवा जुनी सेवा मोजून, अटी न घटवता नव्या मालकाने त्याला कामावर ठेवा. भरपाईचा हिशेब पूर्ण वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार. ब्रिटनमध्येही 1981 मध्ये असा नियम झाला की चालता धंदा घेतलात तर माणसंही घ्यावी लागतील. म्हणूनच शहाणे लोक चालता धंदा घेत नाहीत. धंदा थांबेपर्यंत थांबतात आणि मग नाव घेतात. नावाला रजा लागत नाही, नावाची आई आजारी पडत नाही आणि नाव संघटनाही काढत नाही.

"पन त्यायचे पैसे? हिशोब कोनं केला?" मिस्त्री आता पान्हा खाली ठेवून ऐकत होते.

गुरुजींनी सांगितलं की तिकडे मालक बुडाला तर कायद्याने ठरलेली किमान भरपाई सरकारी राष्ट्रीय विमा निधीतून मिळते. आठवड्याच्या पगाराला मर्यादा लावून, म्हणजे मोठा पगार असला तरी मोजताना छोटा.

"मनजे नफा मालकाचा अन भरपाई लोकायच्या खिशातून," मिस्त्री म्हणाले. "आपल्या इकडं तर दुकान दोनदा इकल्या गेलं, तरी असं नाई झालं."

"दोनदा?"

"हाव. पयल्या मालकानं इकलं तवा चिठ्ठी केल्ती. मले पाठ हाय. पान्हे चार, पंप एक, घमेलं एक, पोट्टं एक. ते पोट्टं मनजे मी." ते हसले. "घमेल्याच्या खाली नाव होतं माह्यं. नाव बी नाई, नुसतं पोट्टं. नव्या मालकानं पंप वापस केला, फुसका निंगाला मनून. मले ठेवलं. मंग त्यानंबी दुकान सोडलं तवा माह्याच गयात टाकलं. त्याचं थोडं देनं अजून बाकी हाय."

"आणि पाटी? ती नाही बदललीत?"

मिस्त्रींनी वर बघितलं. पाटीच्या कोपऱ्यातला रंग पोपडे धरून सुटला होता.

"पेंटरले विचारलं होतं. लय पैसे सांगते थो."

तेवढ्यात शाळेची एक पोरगी चेन पडलेली सायकल ढकलत आली आणि तिने मिस्त्रींना मेलेल्या मालकाच्या नावाने काका म्हणून हाक मारली. मिस्त्रींनी ओ दिली, सायकल आडवी केली आणि गुरुजींकडे वळून म्हणाले, "सर, पेपर ठेवा बाजूले. मांगचं चाक धरा जरा."