डोकं तापल्याशिवाय

पावसाळ्यात माझी स्कूटर ब्रेक दाबल्यावर लगेच थांबत नाही, आधी विचार करते. चाकातल्या ड्रममध्ये पाणी शिरलेलं असतं. मी लिव्हर हलकेच दाबून धरतो. विजेचे चार खांब मागे पडेपर्यंत आतलं पाणी वाळतं आणि आपण नोकरीला आहोत हे ब्रेकला आठवतं.

म्हणून मोटोजीपी या मोटरसायकल शर्यतीतल्या ब्रेकची गोष्ट कळली तेव्हा मला फार बरं वाटलं. त्या गाड्यांच्या पुढच्या चाकाला कार्बनच्या डिस्क असतात. त्या दोनशे-अडीचशे अंश सेल्सिअस तापल्याशिवाय कामाला हातच लावत नाहीत. रंगात आल्या की सातशे-आठशेपर्यंत जातात. पहिल्या चहाआधी तोंड न उघडणारे आमचे आजोबा याच पंथातले. उन्हात हे सगळं खपून जातं. पाऊस आला की मात्र पंचाईत. निसरड्यावर जोरात ब्रेक मारता येत नाही, जोरात मारला नाही तर डिस्क तापत नाही, आणि तापली नाही तर ती धरत नाही. त्यामुळे कितीतरी वर्षं आभाळ भरून आलं की मेकॅनिक कार्बन उतरवून पोलादी डिस्क चढवत. पोलाद स्वभावाने गरीब. थंड असो, ओलं असो, हाक मारली की येतं.

मग १० सप्टेंबर २०१७ला इटलीतल्या मिसानोला धो धो पाऊस पडला. विख्यात स्वार रॉसीचं गाव तिथून हाकेच्या अंतरावर, पण तो पाय मोडून घरी बसलेला. लॉरेन्झो आघाडीवर असताना पडला. आणि मार्क मार्केझने कार्बनच्याच डिस्कवर, शेवटच्या फेरीत पेत्रुच्चीला मागे टाकून, शर्यत जिंकली. डिस्कवर आवरण चढवलेलं होतं: पाणी बाहेर, ऊब आत. थोडक्यात, माकडटोपी!

अशा शर्यतींची छायाचित्रं मी तासन्‌तास बघतो. कोरड्या दिवशी ब्रेक फोटोत चक्क दिसतो. पुढचा फोर्क दबलेला, मागचं चाक जमीन सोडलेलं, आणि रॉसीने रूढ केलेल्या रीतीप्रमाणे स्वाराचा एक पाय बाहेर लोंबकळणारा, रिक्षात जागा न मिळालेल्या माणसासारखा. पावसात यातलं बरंचसं गायब होतं. पकडच कमी, मग मागचं चाक कशाला उचलेल? खरा उद्योग माकडटोपीच्या आत चाललेला, आणि फोटोत येतो फक्त मागे उडालेला पाण्याचा पिसारा आणि त्यात लुकलुकणारा लाल दिवा.

पण फोटोग्राफर त्या पिसाऱ्यावर खूश असतो. त्याचं दुखणं वेगळंच. सेकंदाच्या हजाराव्या भागाचं शटर ठेवलं तर ताशी ३०० किलोमीटरने जाणारी गाडी तेवढ्या वेळात जेमतेम चार बोटं सरकते. चाकाचे आरे मोजता येतात आणि गाडी पार्किंगमध्ये उभी केल्यासारखी दिसते. म्हणून तो शटर साठाव्या भागापर्यंत खाली आणतो आणि कॅमेरा गाडीबरोबर फिरवतो. याला पॅनिंग म्हणतात. गाडी ठसठशीत, मागचं जग पुसलेलं. दहांतले नऊ फोटो बिघडतात. पावसात दहावाही, कारण फोकस गाडीऐवजी थेंबावर बसतो. तिथे पाणीच मदतीला येतं. शटर कितीही जलद असू दे, मागे फवारा उडालेला दिसला की गाडी उभी होती असं म्हणायची कोणाची छाती होत नाही.

माझ्या स्कूटरचा फवारा घोट्याच्या वर जात नाही. गेल्या जुलैत शेजारच्या मुलाने नव्या कॅमेऱ्याने फाटकाशी माझा फोटो काढला. रेनकोट, चष्म्यावरचे थेंब, चाकाचा आरा न्‌ आरा स्पष्ट. ‘‘काका, गाडी किती छान उभी केलीत,’’ असं तो म्हणाला.

त्या क्षणी मी दोन्ही ब्रेक दाबून होतो, आणि फाटक जवळ येतच होतं.